बाबांच्या रक्तात शिसं सापडलंय, भुईआवळीच्या काढ्याने लिव्हर वाचेल का?

खाडीकाठची (मालवणजवळ)

नमस्कार सगळ्यांना. जरा लांबलचक होणार आहे पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळंच लिहिते. माझे बाबा ५९ वर्षांचे, तरुणपणी रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) होते, आता खाडीत पागायला जातात, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याने, पागाने, मासे धरायला. पागाच्या घेराला खाली जे शिशाचे मणी लागतात ते बाबा घरीच ओततात, आणि आमचेच नाही, वाडीतल्या चार-पाच घरांचे तरी तेच ओतून देतात. शिसं येतं भंगारवाल्याकडून, बहुतेक जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्यांच्या प्लेटा. मागीलदारी तीन दगडांची चूल, वर जुनी लोखंडी कढई, शिसं पातळ झालं की वर राखेसारखी साय धरते ती पळीने बाजूला ओढायची आणि मग साच्यात ओतायचं. लहानपणी आम्ही भावंडं ते बघायला चुलीभोवती बसायचो, चांदीसारखं चमकतं ते. आता माझा भाचा बसतो, चार वर्षांचा आहे.

गेलं वर्षभर बाबांना पोटात पीळ पडतोय, चार-चार दिवस पोट साफ होत नाही, दम लागतो. आधी सहा-सात महिने ॲसिडिटी म्हणून गोळ्याच चालू होत्या. शेवटी कोल्हापूरला नेलं तिथल्या डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या, हिरडीच्या कडेला निळसर काळी रेघ होती, आणि पहिलाच प्रश्न विचारला की काम काय करता. मग शिशाची टेस्ट करायला सांगितली. रिपोर्ट असे आलेत: रक्तात शिसं ३८ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर, हिमोग्लोबिन ९.६, लिव्हरच्या टेस्टमध्ये एसजीपीटी ८४, एसजीओटी ७१. कावीळ बी निगेटिव्ह. सोनोग्राफीत थोडं फॅटी लिव्हर. बाबा दारू पीत नाहीत, माळकरी आहेत. डॉक्टर म्हणाले शिशाचं काम पूर्ण बंद करा, महिन्याने परत रक्त तपासू, आत्ता लगेच शिसं काढायचं औषध नको.

आता मुद्दा. आमच्या एका पाहुण्यांनी भुईआवळी आणि काडेकिराईताचा काढा सांगितलाय आणि सोबत आरोग्यवर्धिनीच्या गोळ्या. मी नेटवर शोधलं तर खरंच ढीगभर पेपर निघाले, शिसं, कॅडमियम, पारा देऊन लिव्हर खराब केलेल्या उंदरांना अमक्या वनस्पतीचा अर्क दिला आणि लिव्हर वाचलं असे, प्रत्येकात ग्राफ आहेत आणि सगळ्यात एसजीपीटी खाली आलेलं. बाबांना हे कळल्यापासून त्यांचं एकच, "काढो घेतंय मा, मगे ओतलंय तर काय होता?" त्यांना वाटतंय काढा घेतला की काम चालू ठेवायला हरकत नाही. मला भीती याचीच आहे. काढा द्यावा का, आणि त्यांना काय सांगू? कोणी या विषयातलं असेल तर प्लीज सांगा.

आगळ_मीठ (दापोली)

ताई, मी बायोकेमिस्ट्रीवाला आहे आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टला नेमकं हेच काम केलंय, कॅडमियम क्लोराइड आणि एका अर्कावर. तुम्ही जे पेपर बघितलेत तसलाच एक. त्यामुळे त्या ग्राफमागे काय असतं ते सांगू शकतो.

आमच्याकडे पाच गट होते, प्रत्येक गटात सहा उंदीर, विस्टार जातीचे पांढरे, साधारण २०० ग्रॅमचे. एक गट नुसत्या पाण्यावर, एकाला नुसतं कॅडमियम, एकाला नुसता अर्क आणि दोन गटांना कॅडमियम अधिक अर्क, कमी आणि जास्त डोस. शेवटी लिव्हर बाहेर काढलं की फरक डोळ्यांना दिसायचा. निरोगी लिव्हर गुळगुळीत, गडद तांबूस तपकिरी, कडा धारदार. कॅडमियमवाल्याचं फिकट, ठिपके पडलेलं, हाताला भुसभुशीत लागायचं. अर्कवाल्याचं दोघांच्या मधलं. ते बघून मीही हरखलो होतो, खोटं कशाला बोलू. त्यामुळे पेपरात जे लिहितात ते थापा नाहीत. प्रश्न आहे तो तुमच्या बाबांना लागू किती पडतं याचा.

आधी शिसं करतं काय ते बघू. आपल्या प्रथिनांवर गंधकाची टोकं असतात त्यांना शिसं चिकटून बसतं. ग्लुटाथायोन नावाचा पेशीतला राखणदार आहे त्यालाही तसंच टोक असतं, तोही खर्ची पडतो. रक्त तयार करणारं एक एन्झाइम शिशाने बंद पडतं, बाबांचं हिमोग्लोबिन ९.६ आहे त्यामागे हे असणार, आणि ते बंद पडलं की मधलाच एक पदार्थ साचतो तो स्वतः फ्री रॅडिकल (समोर येईल त्याला बिघडवणारे रेणू) तयार करतो. ते रॅडिकल पेशीच्या आवरणातली चरबी खवट करतात, घरातले जुने शेंगदाणे खवट होतात ना तीच केमिस्ट्री, आवरण गळकं होतं आणि आतलं एसजीपीटी रक्तात झिरपतं. रिपोर्टात दिसतो तो हा झिरपलेला आकडा.

वनस्पतींचे अर्क यातल्या शेवटच्या टप्प्यांवर काम करतात. त्यातली पॉलिफेनॉल्स रॅडिकल टिपतात, पेशीला ग्लुटाथायोन जास्त बनवायला लावतात. भुईआवळी, हळद, शेवगा, माका, पुनर्नवा, आपल्या कोकमातलं गार्सिनॉल, सगळ्यांत कमीजास्त हा गुण आहे. म्हणून कुठलीही वनस्पती घ्या, उंदरावर ग्राफ खाली येतोच.

पण तीन गोष्टी बघा. एक, आम्ही अर्क कॅडमियमच्या आधी किंवा सोबत देतो. म्हणजे छत्री आधी उघडलेली असते आणि मग पाऊस पाडतो. बाबा वीस-तीस वर्षं भिजलेत. दोन, बऱ्याच प्रयोगांत धातू पण तोंडावाटे आणि अर्क पण तोंडावाटे, त्यामुळे पोटातच अर्क धातूला धरून ठेवत असेल आणि तो रक्तात कमी जात असेल, तो फायदा लिव्हरच्या नावावर जमा होतो. बाबांचं शिसं धुरातून फुफ्फुसात जातं, तिथे काढा पोचत नाही. तीन, डोस. उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम अर्क दिला तर माणसासाठी साधारण ६.२ ने भागतात, म्हणजे ३२ मिलिग्रॅम, ६० किलोच्या माणसाला रोज जवळजवळ दोन ग्रॅम सुका अर्क. अर्क म्हणतोय, पाला नाही. दोन ग्रॅम अर्कासाठी मूठभर पाल्याच्या एका काढ्याने भागत नाही, आणि काढ्यात नेमकं किती उतरलं ते कोणाला माहीत नसतं.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे एसजीपीटी खाली आला म्हणजे शिसं बाहेर गेलं असं नाही. रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात निम्मं होतं पण मोठ्या माणसाच्या अंगातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडात जाऊन बसलेलं असतं आणि ते तिथून कित्येक वर्षं हळूहळू रक्तात येत राहतं. काढा घेऊन बाबांनी ओतणं चालू ठेवलं तर कदाचित लिव्हरचे आकडे बरे दिसतील आणि त्याच वेळी नसा, किडनी, रक्त यांची वाट लागत राहील. शिशाचा खरा मार लिव्हरपेक्षा तिथेच जास्त असतो. बाबांना हे एवढं तरी सांगाच.

अजून एक, भाच्याची टेस्ट केलीत का? नसेल तर या आठवड्यात करा. मोठ्या माणसाच्या पोटातून शिसं दहा टक्के शोषलं जात असेल तर लहान मुलाच्या पोटातून पन्नास टक्क्यांपर्यंत जातं. तो अंगणात खेळतो, हात तोंडात घालतो. मला बाबांपेक्षा त्याची काळजी जास्त वाटतेय.

पागकरी (वेंगुर्ला)

गो बाय, मी ५० वर्सा पाण्यावर आसंय. तुझ्या बापाशीक माझो नमस्कार सांग. आमच्याकडे पण घराघरात शिसा ओतत. माझ्या थोरल्या भावाचो उजवो हात मनगटात खाली पडलो, पाग फेकूक जमना नाय, भाकरी मोडूक जमना नाय. गावात सगळे म्हणाले वारा गेलो, तेल चोळा. दोन वर्सा तेल चोळला, देवाक सांगणा केला, पाल्याचे रस पाजले. मगे मुंबैक नेलो तेव्हा डाक्टरान इचारल्यान, शिशाचा काम करतास काय? तेव्हा कळला. ओतूक बंद केल्यार सात-आठ महिन्यान हात वायच वर इलो, पण पयल्यासारखो पाग काय तेका परत फेकूक गावलो नाय.

बाबाक सांग तयार मणी इकत घे. चार पैशे जास्त जातले. हात जाण्यापेक्षा बरा.

रानभाजी_प्रेमी (चिपळूण)

सगळे घाबरवतायत म्हणून लिहितोय. आपल्या मातीतल्या वनस्पती आहेत, हजारो वर्षं लोक घेतायत, त्याने अपाय होत नाही. आमच्या गावात काविळीवर पाला देणाऱ्या आजी होत्या, शेकडो लोक बरे झालेले मी डोळ्यांनी बघितलेत. आणि माणसांवर पण अभ्यास आहे, नुसते उंदीर नाहीत. इराणमध्ये बॅटरी कारखान्यातल्या कामगारांना लसूण दिली आणि शिसं उतरलं, २०१२ चा पेपर आहे. काढा द्या बिनधास्त, सोबत लसूण द्या.

आगळ_मीठ (दापोली)

दादा, लसणीचा पेपर खरा आहे आणि चांगलं केलंत आठवण केलीत ते. ११७ कामगार होते, अर्ध्यांना लसूण आणि अर्ध्यांना डी-पेनिसिलामाइन हे शिसं बाहेर काढायचं जुनं औषध, चार आठवडे. दोन्हीकडे रक्तातलं शिसं उतरलं आणि लसूणवाल्यांना त्रास कमी झाला. मला तो अभ्यास आवडतो कारण माणसांवर आहे आणि आकडा शिशाचा मोजलाय, नुसता एसजीपीटी नाही. पण त्यात काहीच न घेणारा गट नव्हता, त्यामुळे किती लसणीने उतरलं आणि किती आपोआप ते वेगळं काढता येत नाही. लसूण जेवणात खा, चटणी करा, त्याला माझी ना नाहीच.

काविळीच्या पाल्याचं मात्र थांबून बघा. गावातली बहुतेक कावीळ दूषित पाण्याची, ए नाहीतर ई, ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. पाला दिला तरी, हातावर चुना चोळून पिवळं पाणी काढून दाखवलं तरी. श्रेय पाल्याला जातं. भुईआवळीचंच उदाहरण घ्या. १९८८ साली चेन्नईच्या संशोधकांनी लॅन्सेटमध्ये छापलं की बी काविळीचे वाहक असलेल्यांपैकी ५९ टक्के लोकांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. जगभर खळबळ झाली. मग इतरांनी तेच करून बघितलं तर तसं काही मिळेना. वनस्पती वाईट ठरली असं नाही, पण एका चांगल्या निकालावर आजारी माणसाला सोपवू नये.

आणि अपाय होत नाही हे तर मान्यच नाही. कोविडच्या काळात घरोघर गुळवेल चालू होती, २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा पेशंट नोंदवले ज्यांचं लिव्हर गुळवेल घेतल्यावर सुजलं होतं. हळदीच्या कॅप्सूलने लिव्हर बिघडल्याच्या केसेस अमेरिकेत नोंद आहेत, मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूल असतात त्यात विशेष. आमटीतल्या हळदीचं नाही म्हणत, घट्ट केलेल्या डोसचं म्हणतोय. बाबांचं एसजीपीटी आधीच ८४ आहे. काढा सुरू केला आणि उद्या १५० झालं तर डॉक्टरने काय समजायचं, शिसं की काढा?

वैद्य_घेटुळी (रत्नागिरी जिल्हा)

मी बीएएमएस, तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करते, बावीस वर्षं झाली. यकृताच्या पेशंटना मी स्वतः भुईआवळी देते, कुटकी देते, पुनर्नवा देते, या वनस्पतींवर माझा विश्वास आहे आणि अनुभवही आहे. म्हणूनच सांगते, आरोग्यवर्धिनी थांबवा. आजच थांबवा.

आरोग्यवर्धिनी यकृताची म्हणून घराघरात माहीत आहे, दुकानात कोणीही मागतं. पण तिच्यात काय आहे ते बहुतेकांना माहीत नसतं. कुटकी सगळ्यात जास्त, ते ठीक, पण सोबत शुद्ध पारा आणि गंधकाची कज्जली, ताम्रभस्म, लोहभस्म, अभ्रकभस्म. रसौषधी आहे ती, म्हणजे पारा आणि धातूंपासून केलेलं औषध. योग्य पेशंटला योग्य मात्रेत वैद्याने द्यायची. ज्याच्या अंगात आधीच एक धातू साचलाय, किडनीची स्थिती अजून बघितलेली नाही, त्याला पाहुण्यांच्या सांगण्यावरून पारा आणि तांबं असलेली गोळी, हे मला वाचूनच धस्स झालं. आणि कोणी नागभस्म असलेलं काही दिलं तर हातही लावू नका, आमच्या शास्त्रात नाग म्हणजे शिसंच.

नुसत्या वनस्पतींच्या औषधांतही धातू सापडतात. आपल्याकडे मर्यादा ठरलेली आहे, शिसं १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग), आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. बॅचचा टेस्ट रिपोर्ट मागायची सवय लोकांना नाही, मागा. अमेरिकेत २००४ मध्ये बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली त्यात १४ मध्ये शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक निघालं होतं. आमच्या शास्त्रावर बोट ठेवलं म्हणून तेव्हा आमच्यातले बरेच जण चिडले, मला वाटतं ते रिपोर्ट आम्हीच पहिल्यांदा काढायला हवे होते. हळदीतही तेच. बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, घालत होते, २०१९ मध्ये उघडकीला आलं, सरकारने धाडी टाकल्या आणि दोन वर्षांत भेसळ जवळजवळ संपली. म्हणजे शिशावर उतारा म्हणून जी हळद घ्यायची तिच्यातच शिसं असू शकतं. घरची हळकुंडं दळून घ्या.

आता भुईआवळी. जुलैत आपल्या अंगणात, पायवाटेला कुठेही उगवते. पण कुठली तोडताय ते बघा. पान उलटं करा, दांडीच्या खाली फळांची ओळ दिसते. आपल्याला हवी तिची फळं गुळगुळीत आणि बारीक देठावर लोंबणारी. तिच्यासारखीच दुसरी एक उगवते, खोड लालसर, फळं देठाशिवाय चिकटलेली आणि खरखरीत, ती वेगळी. बाजारातल्या सुक्या पुडीत दोन्ही मिसळलेल्या असतात. आणि खाडीकाठची ताई, तुमच्या मागीलदारची तर एक काडीही तोडू नका. जिथे वीस वर्षं शिसं ओतलं त्या मातीतली भुईआवळी म्हणजे शिशाचाच काढा, वनस्पती मातीतले धातू ओढून घेतात.

आमच्याकडे पहिला उपचार निदानपरिवर्जन, म्हणजे कारण आधी बंद करायचं. ते झाल्याशिवाय कुठलंही औषध द्यायचं नसतं असं आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. ओतणं बंद होऊ दे, पुढचा रिपोर्ट येऊ दे, तुमच्या डॉक्टरांना सांगून मग काय द्यायचं ते बघू. बाबा काढ्यासाठीच अडून बसले असतील तर लपूनछपून देऊ नका, डॉक्टरांना नाव, प्रमाण, तारीख लिहून द्या.

देवगडची_मावशी

मी या विषयातली नाही, निवृत्त शिक्षिका आहे. पण माझ्या माहेरी जे झालं ते सांगावंसं वाटतंय कारण हा धागा वाचताना सारखं तेच आठवतंय.

माझ्या काकीचं दुसरं मूल, मुलगा, दीड वर्षाचा असताना गेला. १९७४ साल. पोट टणक झालं, डोळे पिवळे, रात्रभर किरकिरायचा. तेव्हा म्हणायचे "पोराला लिव्हर झालं". नावच तसं होतं आजाराला, आणि असं झालेलं मूल सहसा वाचत नसे. काकीने कोणता पाला दिला नाही ते विचारा. डोंगरातून माणूस मुळ्या आणून द्यायचा, त्या उगाळून चाटवल्या, कडू इतकं की ते मूल ओठ मिटून घ्यायचं. गेला तो गेलाच.

पुढे पुण्याच्या केईएममध्ये डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्याबरोबर या मुलांचा अभ्यास केला, १९८३ ला लॅन्सेटमध्ये आला. या मुलांच्या लिव्हरमध्ये तांबं प्रचंड साचलेलं असायचं आणि संशय गेला तो पितळेच्या, तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधावर. अंगावरचं दूध लवकर तोडून वरचं दूध, तेही बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात. मी हे पुढे कधीतरी वाचलं आणि काकीच्या स्वयंपाकघरातलं ते पातेलं माझ्या डोळ्यासमोर आलं, आतून कल्हई उडालेली, तळाशी पिवळं दिसायचं. आमची आजी आंबट कधी त्यात ठेवू द्यायची नाही, सार कळकतं म्हणायची, ताकाला आणि आमसुलाच्या साराला मातीचं नाहीतर दगडाचं भांडं. साराची काळजी घेतली पण दुधाचं तिलाही माहीत नव्हतं. दूध कळकत नाही ना, चव बदलत नाही.

तो आजार आता जवळजवळ दिसतच नाही. स्टीलची भांडी आली आणि गेला. काकी ९० च्या जवळ आहे, तिला मी हे कधी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

म्हणून ताई, ती कढई आधी घराबाहेर काढ. पाल्याचं नंतर बघू.

खाडीकाठची (मालवणजवळ)

सगळ्यांचे उत्तर तीन-चार वेळा वाचले. मावशी, तुमचं वाचून रडू आलं. पागकरी काका, तुमचं लिहिलेलं मी बाबांना जसंच्या तसं मोठ्याने वाचून दाखवलं, आपल्या भाषेत होतं म्हणून ते ऐकत बसले. मनगटाचं ऐकल्यावर स्वतःचा हात उलटसुलट करून बघत होते, काही बोलले नाहीत. आरोग्यवर्धिनी त्याच दिवशी बंद केली. नशिबाने चारच दिवस घेतली होती.

भाच्याची टेस्ट करायला दिलीय. आगळमीठ दादा, घर आणि अंगण साफ कसं करायचं ते सांगाल का, आणि बाबा तयार मणी आणून नुसते ओवणार म्हणतायत, ते चालेल का?

आगळ_मीठ (दापोली)

सुक्या झाडूने झाडू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं बाहेर वेगळ्या बादलीत धुवा आणि ते पाणी विहिरीकडे जाऊ देऊ नका. चुलीची जागा, जिथे ती राख ओढून टाकायचे ती माती, वरची वीतभर काढून दुसरीकडून आणलेली माती टाका. काढलेली माती आणि राख पोत्यात बांधून मुलांपासून लांब ठेवा, परसात टाकू नका, माडाच्या अळ्यात तर नाहीच, आणि तिचं पुढे काय करायचं ते पंचायतीत विचारा. कढई आणि पळी स्वयंपाकाच्या किंवा कुठल्याच कामाला परत नको. बाबांचे ओतताना घालायचे कपडे वेगळे धुवा.

तयार मणी ओवताना धूर नाही, त्यामुळे धोका खूप कमी, पण हात काळे होतात ना तेच शिसं. दातात धरून मणी दाबायची सवय असते बऱ्याच जणांना, बाबांना असेल तर ती पहिली सोडायची. ओवून झाल्यावर साबणाने हात, मगच तंबाखू, मगच पेज. आणि उपाशीपोटी बसू नका कामाला, रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तरी जास्त शोषलं जातं, म्हणून बाबा आणि भाचा, दोघांचंही लोह तपासा. नाचणी, बारीक मासे काट्यासकट, शेवग्याचा पाला भाजीत. हा शेवगा अर्क म्हणून नाही सांगत, जेवण म्हणून सांगतोय.

भाच्याचा आकडा ५ किंवा वर आला तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचं असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं मार्गदर्शन आहे. ४५ ला पोचलं की लहान मुलाला काढायचं औषध देतात. ५ च्या खाली आलं तरी निर्धास्त होऊ नका, शिशाचा सुरक्षित असा आकडाच नाही.

खाडीकाठची (मालवणजवळ)

दीड महिन्याने लिहितेय, उशीर झाला.

भाच्याचं १२ आलं होतं आणि लोहही कमी होतं. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलंय, तीन महिन्यांनी परत तपासायचं. ज्या दिवशी तो रिपोर्ट आला त्या दिवशी बाबांनी कोणी न सांगता साचे काढले, पितळेचे दोन होते आजोबांच्या वेळचे आणि एक लाकडी, आणि भावाला म्हणाले खय तरी न्हेवन टाक, माझ्या डोळ्यासमोर नको. स्वतःसाठी जे त्यांनी मानलं नव्हतं ते नातवासाठी एका मिनिटात झालं.

माती काढली, अंगणाच्या त्या कोपऱ्यात आता जांभ्या दगडाची लादी टाकून घेतलीय. बाबांचं परवाचं रक्त: शिसं ३१, हिमोग्लोबिन १०.४, एसजीपीटी ५८. काढा दिलेला नाही, एक दिवसही नाही. पोटात पीळ येतो अजून पण आठवड्यातून एखाद्या वेळी. घेटुळी वैद्यताई, किडनीचे रिपोर्ट नॉर्मल आलेत, ते घेऊन पुढच्या सोमवारी तुमच्याकडे यायचं म्हणतायत, कोल्हापूरच्या डॉक्टरांना विचारलंय, त्यांची हरकत नाही, फक्त काय देणार ते लिहून हवंय त्यांना. तुमच्या क्लिनिकची वेळ मेसेजमध्ये कळवाल का?

वाडीतली बाकीची चार घरं आता मणी ओतायला कोणाकडे जाणार हा प्रश्न होता. त्यातल्या एकांनी स्वतःच्या मागीलदारी चूल मांडायचं ठरवलंय असं कळलं, त्यांच्या घरी सात महिन्यांची गरोदर सून आहे. आज संध्याकाळी बाबा आणि मी त्यांच्याकडे जातोय, मोबाईलवर हा धागा उघडून घेऊन.